फक्त एसटीसाठी

सोमवार, १६ नोव्हेंबर १९९८

आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही, स्वतःच्या मार्गदर्शनासाठी. गावाला मार्गदर्शन मी करतो, मला कोण करणार?

परिस्थिती अशी. जांभूळओढा हे बारामतीलगत इंदापूर रोडवरचं उपनगर. लोक अजून वाडीच म्हणतात, पण मी बोर्ड रंगवून घेतला आहे. गेल्या वर्षी सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं. त्या खुर्चीसाठी माझी पाच वर्षांची तयारी होती, दोन सफारी शिवून घेतल्या होत्या. नाइलाजाने हिला, म्हणजे आमच्या विजयमालेला, उभं केलं. आली निवडून. तेव्हापासून सही तिची, डोकं माझं. कारभार उत्तम.

समस्या: कारखाने सुरू झाले. उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, कालव्याच्या पुलापासून जकातनाक्यापर्यंत रांग. एसटी त्यात अडकते. म्हणून ड्रायव्हर लोक हल्ली आपला थांबा गाळून दुसऱ्या वाटेने परस्पर बारामती गाठतात. गाव फाट्यावर उभं ते उभंच.

सकाळी धोंडाबाई माझ्या एसटीडी बूथवर आली. बारामतीच्या मंडईत भाजी विकते. डोक्यावर पाटी तशीच. म्हणाली, "आप्पा, मेथी बगा कशी पिवळी पडलीया. यष्टी येतच न्हाय." मी म्हणालो, लक्ष घालतो. तर म्हणते, "तुमी नगा घालू. वैनीस्नी सांगा." अशिक्षित लोकांना प्रशासन कसं चालतं ते कळत नाही. राग धरला नाही.

संकल्प: संक्रांतीच्या आत एसटीचा प्रश्न मिटवायचा. तंबाखू बंद. पहाटे फिरायला जायचं.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

फिरायला गेलो नाही. थंडी. तंबाखू एकदम सोडू नये असं कुठेतरी वाचलं आहे.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

ऐतिहासिक दिवस!

बारामतीच्या बाजारातून भजी आणली. भज्यांच्या कागदावर लेख. ब्राझील देशात कुठल्याशा शहरात बसला रस्त्यात स्वतंत्र मार्गिका. तिथे दुसरं वाहन नाही. बस सुसाट. शहराचा कायापालट. जगातले तज्ज्ञ बघायला येतात. पुढचा अर्धा लेख तेलात विरघळला होता. हरकत नाही. अर्धा लेख वाचून पुढचं ज्याला सुचतं तोच नेता.

आपल्याकडे डांबरी रस्त्याला लागून जुना गाडीरस्ता आहे. पुलापासून नाक्यापर्यंत, ग्रामपंचायतीच्या मालकीचा. बैलगाड्या गेल्या, आता तिथे नुसती बाभळ. ती काढायची, मुरूम टाकायचा, दोन्ही बाजूंना पांढरे दगड. बोर्ड: 'फक्त एसटीसाठी'. ब्राझीलनंतर जांभूळओढा.

हिला सांगितलं. भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "वाईट न्हाय." एवढंच. कल्पनेची भव्यता तिच्या लक्षात आलेली दिसत नाही. मुलगी राजेश्वरी, कॉलेजात एस.वाय.ला आहे, म्हणाली, "पप्पा, तुम्ही एसटीत शेवटचं कधी बसला होता?" मला एसटीत मळमळतं, म्हणून मी एम-एटी स्कूटर वापरतो. याचा नेतृत्वाशी काय संबंध?

रविवार, २९ नोव्हेंबर

ग्रामसभा. मी तासभर बोललो. ब्राझील, जर्मनी, शेवटी शिवकालीन रस्ते. लोक भारावले. काही डोळे मिटून ऐकत होते.

हिंदुराव उठला. याचे सहा ट्रॅक्टर ऊस ओढतात, त्यामुळे विकासाला विरोध. "रस्ता करा, पर आमी कुठनं जायचं? दर साली हंगामाचं चार म्हयनंच तर पोट भरतं." मी म्हणालो, इतिहास ट्रॅक्टरसाठी थांबत नाही. वाक्य छान झालं. टाळ्या नाहीत.

मग धोंडाबाईने विचारलं, "गाडी नव्या रस्त्यानं जाईल, पर हितं थांबंल का?" मी पुन्हा ब्राझीलवर आलो. तेव्हा ही पहिल्यांदाच बोलली. "मावशी, थांबण्यासाठीच करायचाय. न्हाय थांबली तर मी हाय की." एवढ्यावर ठराव मंजूर. माझ्या तासाभराच्या भाषणाचा परिणाम होता तो, फक्त जरा उशिरा झाला.

बुधवार, २ डिसेंबर

बारामती आगारात गेलो. सफारी, पेन, डायरी. साहेबांनी बाहेरच्या बाकावर अगत्याने बसवलं. दुपारपर्यंत. भेटल्यावर सगळं समजावलं. त्यांनी विचारलं, "आपण कोण?" मी म्हणालो, सरपंचांचं मार्गदर्शक मंडळ. म्हणाले, "किती जण आहात?" मी म्हणालो, सध्या मी. म्हणाले, "सरपंचांना घेऊन या."

एकंदरीत वातावरण अनुकूल.

शुक्रवार, ४ डिसेंबर

ही धोंडाबाईला घेऊन आगारात जाऊन आली. मला न विचारता! दोघी ट्रकच्या केबिनमध्ये बसून गेल्या. साहेबांनी चहा दिला म्हणे. रस्ता तयार झाला की गाड्या त्यावरून सोडून बघू, ठीक वाटलं तर कायम करू, असं कबूल केलं.

परवा मी जमीन नांगरून ठेवली होती म्हणून आज पेरता आलं. हे तिला सांगितलं. म्हणाली, "व्हय, जेवून घ्या."

गुरुवार, १० डिसेंबर

आज तांत्रिक काम. रुंदी ठरवायची. बारामती स्टँडवर उभ्या गाडीची मापं घेतली. टेप विसरलो, म्हणून वितीने. कंडक्टर बघत होता. म्हणाला, "ड्रेस शिवायचाय का गाडीला?" लक्ष दिलं नाही.

आरसे मापात धरले नाहीत. आरसा हा गाडीचा भाग नव्हे, ड्रायव्हरची सोय आहे.

मापापेक्षा थोडीच जागा जास्त ठेवायची. रुंद ठेवलं तर हिंदुरावचे ट्रॅक्टर घुसणार. अरुंद म्हणजे शिस्त.

रात्री जेवताना हिने विचारलं, "दोन गाड्या समोरासमोर आल्या तर?" मी हसलो. म्हणालो, अगं, स्वतंत्र मार्गिका म्हणजे स्वतंत्र. समोरून कोण येणार? ती म्हणाली, "जाणारी येणार न्हाय व्हय परत?" बायकांना प्रत्येक गोष्टीत संसार दिसतो.

शनिवार, १९ डिसेंबर

बाभळी निघाल्या, मुरूम पडला. गाव श्रमदानाला उतरलं. ही स्वतः पाटी उचलत होती. सरपंचाने पाटी उचलणं पदाला शोभत नाही. मी सावलीत उभा राहून लेव्हल बघितली. दगड बसवायला सुरुवात. माझ्या मापाने. हिने हरकत घेतली, पण मी मुकादमाला आधीच सांगून ठेवलं होतं.

एका बाजूला थोडी बाभळ ठेवली आहे. निसर्ग.

शुक्रवार, १ जानेवारी १९९९

नवं वर्ष. तंबाखू बंद, नक्की. पहाटे फिरणं सोमवारपासून.

मार्ग तयार. दगड पांढरेशुभ्र. नजर लागेल असं दिसतं. पोरांनी तिथे क्रिकेट सुरू केलं आहे. सपाट आहे ना. चेंडू दगडाला लागला की चौका.

सोमवार, ४ जानेवारी

फिरायला म्हणून मार्गावरच गेलो. अर्ध्या मार्गावर मका वाळत घातलेला. पुढे शेरडं बांधलेली, प्रत्येक दगडाला एक. त्यापुढे हिंदुरावच्या पुतण्याच्या साखरपुड्याचा मांडव. मांडववाला म्हणाला, "एवढी मोकळी जागा गावात दुसरी न्हाय." याला म्हणतात लोकसहभाग. तरी सगळ्यांना समज दिली. शेरडांचे मालक म्हणाले, गाडी सुरू झाली की काढू. मी म्हणालो, शेरडं काढलीत की गाडी सुरू होईल. चर्चा अनिर्णित.

संध्याकाळी ही गेली. शेरडं निघाली, मका निघाला. काय बोलली कळलं नाही. माझी सकाळची समज उशिरा भिनली असणार.

मांडव मात्र राहिला. साखरपुडा होईपर्यंत. हिलाही तिथे हळदीकुंकवाचं बोलावणं आहे.

शुक्रवार, ८ जानेवारी

उद्घाटन: २६ जानेवारी. पाहुणे: मंत्री. बूथवरून मुंबईला फोन लावला. तिकडून कोणीतरी म्हणालं, बघू.

मंगळवार, १२ जानेवारी

मंत्री येणार नाहीत. तसंही मंत्र्यांच्या गाड्या आपल्या मार्गावर चालल्या नसत्या, फक्त एसटीसाठी आहे. आमदार येतील.

सोमवार, १८ जानेवारी

आमदारांचा दौरा आहे. सभापती नक्की.

शुक्रवार, २२ जानेवारी

सभापतींच्या सासुरवाडीत कार्यक्रम. स्थानिकच कोणीतरी घ्यावं, तेच जास्त लोकशाही. माझं नाव सुचवणं मला योग्य वाटत नाही. कोणीतरी सुचवावं म्हणून हिच्यासमोर दोनदा खोकलो. तिने काढा दिला.

माझ्या डोक्यात मात्र खरा मास्टरस्ट्रोक आला आहे. एक गाडी आणि एक फीत कोणीही करतं. आपण दोन फिती लावायच्या. नाक्याच्या टोकाला बारामतीची गाडी, पुलाच्या टोकाला इंदापूरची. दोन्ही एकाच वेळी सुटतील. मध्यभागी शाळेपाशी बँड. दोन तालुके, एक मार्ग! इंदापूर आगाराला स्वतः फोन केला, सरपंच कार्यालयातून बोलतोय म्हणून. ते म्हणाले, दहाची गाडी तशीही तिकडून येतेच, या मार्गाने पाठवू. हिला सांगितलं नाही. सरप्राइज.

बुधवार, २७ जानेवारी

कालचं आज लिहितो. काल पोट ठीक नव्हतं.

सकाळी झेंडावंदन झालं. मग सगळे नाक्यावर. महिपती ड्रायव्हर बारामतीहून गाडी घेऊन आला, झेंडूच्या माळा लावलेली. फीत कापायला कात्री सापडेना. मी ती पुलाच्या टोकाला पाठवली होती, दुसऱ्या फितीसाठी, पण हे सांगितलं असतं तर सरप्राइज फुटलं असतं. तेवढ्यात हिने धोंडाबाईला पुढे केलं. धोंडाबाईने कमरेचा विळा काढला आणि मेथीची जुडी तोडावी तशी फीत तोडली. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. फोटो चांगला आला असता, पण फोटोग्राफर माझ्याबरोबर गाडीत चढला होता.

गाडीत मी ड्रायव्हरशेजारी उभा. मागे धोंडाबाई, शाळामास्तर, गावचे पन्नासेक लोक. ही म्हणाली, "मी चालत येते, शाळेपाशी भेटू." गाडी मार्गात शिरली. डावा आरसा पहिल्याच दगडाला लागून फुटला. महिपती म्हणाला, "आप्पा, माप कुणी घेतलं?" मी म्हणालो, समोर बघा.

सुसाट म्हणता येणार नाही, पण गाडी चालली. बाजूला ट्रॅक्टरची रांग जागेवर. मी खिडकीतून हात दाखवला. हिंदुरावनेही दाखवला. मग मला मळमळायला लागलं.

शाळा जवळ आली. बँड वाजत होता. आणि समोरून इंदापूरची गाडी.

दोन्ही गाड्या थांबल्या, नाकाला नाक. मध्ये एक माणूस उभा राहील एवढीच जागा. त्या गाडीत लासुर्ण्याचं वऱ्हाड. नवरदेव पुढच्याच सीटवर, मुंडावळ्या बांधून. वडगाव निंबाळकरला लग्न. नवरदेवाचा मामा अर्धा खिडकीतून बाहेर. "मुहूर्त टळला तर कोण जबाबदार? ह्या वाटंनं कुणी आणली गाडी?" त्यांचा ड्रायव्हर म्हणाला, "वरनं हुकूम हाय. जांभूळओढ्याच्या सरपंच कार्यालयाचा."

गाडीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे बघत राहिलो.

इंदापूरच्या गाडीला मागे जाता येईना. तिच्यामागोमाग मोकळा रस्ता बघून तीन ट्रॅक्टर आत घुसले होते, ट्रॉल्यांसकट. ट्रॉल्या सरळ मागे जात नाहीत. आमच्या मागे मात्र रस्ता रिकामा. महिपती म्हणाला, "आप्पा, मी घेतो मागं." मी म्हणालो, नाही. उद्घाटनाची गाडी मागे जाणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. पहिल्याच दिवशी प्रगती मागे गेली तर लोक काय म्हणतील?

लोक काय म्हणत होते ते लिहीत नाही.

उतरायचं म्हटलं तर दार उघडेना. दाराच्या बाजूला बाभळ. निसर्ग. तेव्हा वेळ फुकट जाऊ नये म्हणून मी तयार केलेलं भाषण सुरू केलं. ब्राझीलपर्यंत आलो तेव्हा धोंडाबाई म्हणाली, "आप्पा, तुमाला वकारी येतीया. बसा खाली." खरंच आली. खिडकीतून. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं.

तेवढ्यात ही चालत पोचली. साडीचा पदर खोचलेला, चपला मुरमाने पांढऱ्या. आधी त्या गाडीच्या मामाशी बोलली, मग माझ्या खिडकीखाली आली. वर बघून म्हणाली, "अहो, गाडी मागं घेऊ द्या." मी म्हणालो, तुला कळत नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "आत एका पोराचं लगीन अडकलंय." मी म्हणालो, एका लग्नासाठी योजना मागे घेता येत नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. मग ती ड्रायव्हरच्या खिडकीकडे गेली.

"महिपती, गाडी मागं घ्या."

महिपतीने माझ्याकडे बघितलं.

"त्यांच्याकडं बगू नगा," ती म्हणाली. "मी सरपंच सांगतीया."

महिपतीने रिव्हर्स टाकला. त्या गिअरचा आवाज फार कर्कश असतो. दुरुस्तीबद्दल आगाराला लिहिलं पाहिजे.

अशा रीतीने राखीव मार्ग नाक्यापर्यंत उलट पार झाला. ही गाडीच्या मागे चालत, हात दाखवत, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या." उजवा आरसाही गेला. इंदापूरची गाडी बाहेर पडली, मामाने हात जोडले, मला नव्हे. नवरदेव मुहूर्ताआधी पोचला असा रात्री बूथवर वडगावहून फोन आला. बिल माझ्याकडे नव्हतं, तेवढं समाधान.

गुरुवार, २८ जानेवारी

घरात बोलणं आवश्यक तेवढं. "पाणी तापलंय." "बरं."

दुपारी मी विषय काढला. म्हणालो, तू चारचौघांत माझा अधिकार काढून घेतलास. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "कुठला अधिकार?" मी विचार करून सांगतो म्हणालो. अजून विचार चालू आहे.

मग तीच म्हणाली, "सव्वा वरीस मी गप ऱ्हायले. तुमी बोलता, तुमाला बरं वाटतं. माझं काय जात न्हाय. पर काल लोकं माझ्या नावानं अडकली हुती. फोनवर नाव माझं सांगितलंवतं न्हवं?"

लसूण खूप जास्त सोलला होता. तेवढा भाजीला लागत नाही.

रविवार, ७ फेब्रुवारी

ग्रामसभा. मी मागे बसलो, तटस्थ निरीक्षक म्हणून. ही उभी राहून बोलली. कागद नाही, ब्राझील नाही. एका बाजूचे दगड हटवून वाट रुंद करायची. बाभळ काढायची. सकाळी गाड्या फक्त बारामतीकडे, संध्याकाळी फक्त इंदापूरकडे. उलट येणारी डांबरी रस्त्यानेच. शाळेपाशी डाव्या हाताला थांबा. दोन्ही आगारांशी ती बोलून आली होती. म्हणजे इंदापूरलाही जाऊन आली!

हिंदुरावला म्हणाली, "भावजी, एसटी नसंल तवा रात्रीचं तुमचं ट्रॅक्टर जाऊ द्या ह्या वाटंनं. दिवसा न्हाय. तुमचं पोट बी भरलं पायजे." हिंदुराव डोकं खाजवत म्हणाला, "मग आमची काय ना न्हाय." आणि दगड हलवायला स्वतःचा ट्रॅक्टर देतो म्हणाला.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट: ही सगळी योजनेची फेज टू आहे. माझ्या मनात होतीच. जाहीर केली नव्हती.

बुधवार, १७ फेब्रुवारी

दगड हलले. निघालेले दगड लोक घरी नेतात. अर्ध्या गावाच्या दारात पांढरी पायरी. माझ्या कल्पनेच्या घरोघरी पायऱ्या, असं म्हणता येईल. राजेश्वरीला वाचून दाखवणार होतो, पण रोजनिशी खाजगी आहे.

आजपासून तंबाखू खरंच बंद.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

उद्यापासून.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

एसटी येते. थांबते. पुढे जाते. बाजूला ट्रॅक्टर उभे, गाडी आपली पुढे. बूथमधून रोज दिसतं. कबूल करायला हरकत नाही, बघायला बरं वाटतं.

राजेश्वरी पहिल्या तासाला पोचते. धोंडाबाईची मेथी मंडईत हिरवीगार पोचते. ती येता-जाता मोठ्याने सांगते, "बाईंनी केलं." गावात सगळे तेच म्हणतात. 'बाईंनी' हे आदरार्थी बहुवचन आहे. बहुवचन म्हणजे एकाहून अधिक. व्याकरण माझ्या बाजूने आहे.

सोमवार, ८ मार्च

महिला दिन. पंचायत समितीत हिचा सत्कार. मी तिच्यासाठी आभाराचं भाषण लिहून दिलं, चौदा पानं. तिने पिशवीत घातलं. संध्याकाळी शाल घेऊन आली. विचारलं, भाषण कसं झालं? म्हणाली, "लई लोक हुते. मी दोनच वाक्य बोलले." चौदा पानांतली कुठली दोन, ते विचारलं. तिला आठवेना.

पानं तशीच परत आली, घडी न मोडता. हिशेबी आहे. जपून ठेवते.

शुक्रवार, १२ मार्च

पुण्याच्या पेपरचा वार्ताहर येतोय! एका गावाने एसटीला स्वतःची वाट दिली, असा लेख. फोटोसह. मंगळवारी.

ही म्हणाली, "मी रोजच्या सकाळच्या गाडीनं जाणार हाय, तितंच काय इचारायचं ते इचारू द्या." मी लगेच म्हणालो, मीही येतो. मूळ संकल्पना कोणाची, हे वार्ताहराला कळलं पाहिजे. तिने विचारलं, "तुमाला सोसंल का?" मी म्हणालो, उलटीची गोळी घेईन.

"या की मग," म्हणाली. आवाज चांगला होता. दीड महिन्यात पहिल्यांदा असा.

मंगळवार, १६ मार्च

गोळी घेतली. सफारी घातली. गाडी वेळेवर आली.

चढलो. हिच्या शेजारी जागा नव्हती, धोंडाबाई पाटीसकट बसली होती. मी मागे दांडीला धरून उभा. कंडक्टर आला. मी नुसता हसलो. तो म्हणाला, "कुठं?" मी म्हणालो, मी सरपंचांचे... तो म्हणाला, "बाईंनी पण तिकीट काढलंय." काढलं. हातात धरून ठेवलं.

वार्ताहर तरुण, चष्मेवाला. तिला प्रश्न विचारत होता, ती खिडकीतून बाहेर बोट दाखवून सांगत होती. पूल, ट्रॅक्टर, शाळा, थांबा. दोन्ही वेळेला गाडीत कोण कोण असतं, तेसुद्धा सांगितलं. फोटो काढताना मी तिच्या मागून थोडा पुढे वाकलो. वार्ताहराला हळूच म्हणालो, संकल्पनेबद्दल नंतर बोलू. तो म्हणाला, नक्की. आणि नाक्यावर उतरला.

मळमळलं नाही. गाडी आता धक्के देत नाही.

रविवार, २१ मार्च

आला! तिसऱ्या पानावर, अर्धा कॉलम. पेपरचे पाच अंक घेतले.

फोटोत ही, खिडकीपाशी. हसते आहे. चांगली दिसते. मागे मी, स्पष्ट. हातातलं तिकीटसुद्धा दिसतं. खाली छापलं आहे: 'जांभूळओढ्याच्या सरपंच सौ. विजयमाला व एक प्रवासी.'

बातमी तीनदा वाचली. ब्राझीलचा उल्लेख नाही.

वार्ताहराला फोन लावायला निघालो, खुलासा छापून येण्यासाठी. हिने फोटो बघितला, खालची ओळ वाचली, पुन्हा वाचली. हसू दाबत होती, मला दिसलं. "खोटं काय हाय त्यात? तिकीट काढलंवतं न्हवं?" मग एक अंक नीट घडी करून देवघराच्या फळीवर ठेवला. म्हणाली, "आपला दोघांचा पेपरातला पैला फोटो."

फोन लावला नाही. रविवारी कोण भेटणार.

दुपारी धोंडाबाई बूथवर. पाटी रिकामी, सगळी भाजी खपलेली. "आप्पा, पेपरात आलाय म्हणं. काय म्हणून?" राजेश्वरीने आतून सांगून टाकलं, प्रवासी म्हणून. धोंडाबाई मनापासून म्हणाली, "मग झ्याक झालं की. गाडी कितीबी पळाली, तरी आत बसणारं कुणीतरी पायजेच."

बरोबर आहे असं क्षणभर वाटलं. उन्हामुळे असेल.